शाळेत माणूस नेमताना: कर्मचाऱ्यांच्या पार्श्वभूमी तपासणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मुख्याध्यापक, संस्थेचे सचिव, शाळेचे लिपिक आणि अलीकडे पालकही विचारतात. उत्तरं महाराष्ट्रातल्या शाळा डोळ्यांपुढे ठेवून दिली आहेत. कायद्याचा मुद्दा जिथे आहे तिथे तो सांगितला आहे. बाकीचं अनुभवावरून आलेलं मत आहे आणि ते तसंच वाचावं.

पोलीस पडताळणी खरंच बंधनकारक आहे, की नुसती सूचना आहे?

बंधनकारक आहे. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ चा, पण या बाबतीत वाचायचा तो २०२० च्या पॉक्सो नियमांमधला तिसरा नियम. शाळा, पाळणाघर, क्रीडा प्रबोधिनी किंवा मुलांशी नेहमी संबंध येणारी कुठलीही संस्था असो, तिथे मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी आणि पार्श्वभूमी तपासणी झाली पाहिजे, असं तो नियम सांगतो. शिकवणारा असो वा न शिकवणारा, कायम असो वा कंत्राटी, सगळे त्यात आले. आणि तपासणी ‘ठरावीक काळाने’ करायची आहे. एकदा दाखला आणला, फाइलला लावला, विषय संपला, असं नाही.

बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचाराची घटना ऑगस्ट २०२४ मध्ये घडली. त्यानंतर राज्य सरकारने शासन निर्णय काढून सीसीटीव्ही, तक्रारपेटी, मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती यांच्याबरोबर कर्मचाऱ्यांच्या चारित्र्य पडताळणीची आठवण शाळांना पुन्हा करून दिली. मे २०२५ मध्ये आणखी एक सविस्तर शासन निर्णय आला. गोव्यात पॉक्सोच्या जोडीला २००३ चा गोवा बाल कायदाही आहे. थोडक्यात, ‘आम्हाला कुणी सांगितलंच नाही’ हे म्हणायची सोय आता राहिलेली नाही.

‘प्रत्येक कर्मचारी’ म्हणजे नेमके कोण?

शिक्षकांचे कागद बहुतेक शाळांकडे असतात, कारण पगारासाठी ते लागतातच. अडतं ते इतरांच्या बाबतीत. शिपाई, मावशी, रखवालदार, सफाई कामगार, बसचालक, बसमधल्या ताई, पोषण आहार शिजवणाऱ्या बाया, प्रयोगशाळा परिचर, संगणक दुरुस्तीला दर शनिवारी येणारा मुलगा. शिवाय तासिका तत्त्वावरचे शिक्षक, आठवड्यातून दोनदा येणारे तबल्याचे गुरुजी, कराटेचे सर, स्नेहसंमेलनाच्या आधी महिनाभर नाच बसवायला येणारा दादा. शेवटच्या तिघांची नावं मस्टरवर नसतात. मुलांशी मात्र त्यांचा संबंध सर्वांत जवळचा येतो, आणि तोही शाळा सुटल्यानंतर, रिकाम्या हॉलमध्ये.

यादी करताना पदावरून सुरुवात करू नका. एक दिवस शाळेच्या फाटकाशी उभे राहा आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत आत येणारं प्रत्येक मोठं माणूस लिहून काढा. यादी लगेच दुप्पट होते.

पोलिसांचा चारित्र्य दाखला नेमकं काय सांगतो?

दाखल्यासाठी दिलेल्या नावावर आणि पत्त्यावर पोलिसांच्या नोंदीत गुन्हा आढळला की नाही, एवढंच. हा माणूस मुलांसाठी सुरक्षित आहे, असं तो दाखला म्हणत नाही आणि म्हणूही शकत नाही. मुलांशी गैरवर्तन करणाऱ्यांपैकी पुष्कळांवर आधी कधीच गुन्हा दाखल झालेला नसतो. आधीच्या शाळेने प्रकरण ‘आपसात मिटवलेलं’ असतं, पालकांनी पोरीचं नाव नको म्हणून तक्रार मागे घेतलेली असते, किंवा त्या सरांना ‘तुम्हीच राजीनामा द्या’ असं सांगितलेलं असतं. यातलं काहीही पोलिसांच्या नोंदीत येत नाही.

म्हणून दाखला हवाच, पण त्याच्यावर विसंबू नका. तपासणीचा तो सर्वांत सोपा भाग आहे. म्हणूनच शाळा तो करतात आणि बाकीचं सोडून देतात.

दाखला काढायचा कसा?

महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन सेवेवर उमेदवाराने अर्ज करायचा. ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि शक्यतो शाळेचं पत्र जोडायचं. मग स्थानिक पोलीस ठाणं पडताळणी करतं. दोन गोष्टींकडे मात्र शाळेने स्वतः लक्ष द्यावं.

पहिली गोष्ट पत्त्याची. माणूस दोन वर्षांपूर्वी नांदेडहून पनवेलला आला असेल, तर अर्जात नांदेडचा पत्ताही असायला हवा. दुसरी नावाची. लग्नाआधीचं नाव, राजपत्रात बदललेलं नाव, आधारवर एक आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसरं असं स्पेलिंग, ही सगळी रूपं अर्जात द्यायला सांगा. नावाची चूक किती महागात पडते, ते खाली इंग्लंडच्या प्रश्नात येईल.

आणि दाखला उमेदवाराच्या हातून झेरॉक्स म्हणून घेऊ नका. मूळ पाहा, त्यावरचा क्रमांक ऑनलाइन किंवा पोलीस ठाण्यात पडताळून घ्या.

दाखला यायला वेळ लागतो आणि जूनमध्ये वर्गावर माणूस हवा असतो. तोवर काय करायचं?

घाई खरी असते, हे मान्य. पण नेमणूक आदेशात ‘पडताळणी समाधानकारक आढळल्यास’ ही अट घाला. तोवर त्या व्यक्तीला मुलांबरोबर एकटं ठेवू नका. वर्गाचं दार उघडं, शेजारच्या वर्गावर जुन्या बाई, सहलीची आणि शौचालयाकडे नेण्याची जबाबदारी दुसऱ्या कुणाकडे. हे जमणार नसेल तर माणूस आठ दिवस उशिरा घ्या. ज्येष्ठ शिक्षकांनी दोन तास जास्त घेतले तर शाळा बंद पडत नाही.

मागच्या शाळेला फोन करायचा, असं सगळेच म्हणतात. पण विचारायचं काय?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून उत्तरही लांब आहे.

आधी नंबर. अर्जात उमेदवाराने ‘संदर्भ’ म्हणून दिलेल्या मोबाइलवर फोन करू नका. तो त्याच्या मित्राचा असू शकतो. शाळेचा नंबर यू-डायस या शाळांच्या सरकारी नोंदीवरून, शिक्षण विभागाकडून किंवा शाळेच्या फलकावरून मिळवा आणि थेट मुख्याध्यापकांना मागा.

मग प्रश्न. ‘कसे आहेत हो ते?’ असं विचारलंत तर ‘चांगले आहेत’ हेच उत्तर मिळणार. आपल्याकडे गेलेल्या माणसाबद्दल कुणी वाईट बोलत नाही. त्यापेक्षा नेमकं विचारा. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होते? सोडण्याचं कारण कागदावर काय आहे? मुलांच्या संदर्भात कधी लेखी वा तोंडी तक्रार आली होती का? आणि शेवटी: ‘जागा असती तर पुन्हा घेतलं असतं का?’

हा शेवटचा प्रश्न फार काम करतो. असा एक संवाद बघा:

‘मुलांबद्दल काही तक्रार?’
‘नाही, तसं लेखी काही नाही.’
‘पुन्हा घ्याल का त्यांना?’
‘आता आमच्याकडे जागाच नाही मॅडम.’
‘असती तर?’
‘तुम्ही असं करा ना, एकदा आमच्या सरांशी समक्ष बोला.’

‘तसं लेखी काही नाही’ आणि ‘समक्ष बोला’ ही दोन वाक्यं एकाच फोनमध्ये आली, की त्या दिवशी नेमणूक आदेश टाइप करायचा नाही. एसटी पकडायची आणि त्या शाळेत जाऊन यायचं. समोरासमोर, चहाचा कप पुढ्यात आल्यावर, माणसं बोलतात.

फोन झाला की तारीख, वेळ, कोणाशी बोललात आणि काय बोलणं झालं, हे चार ओळींत लिहून फाइलला लावा.

आम्ही खरं सांगितलं तर तो माणूस बदनामीचा दावा लावेल, अशी भीती वाटते.

भीती समजते, पण ती असायला हवी त्याहून मोठी झाली आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीला अपवाद दिलेले आहेत. ज्याला सांगायचं त्याच्या हितासाठी किंवा लोकहितासाठी सद्भावनेने दिलेला सावधगिरीचा इशारा त्यात येतो. जुन्या भारतीय दंड संहितेतही हे अपवाद होतेच. अट एकच, जे नोंदीत आहे तेवढंच सांगा. ‘अमुक महिन्यात एका पालकाची तक्रार आली, चौकशी सुरू असताना त्यांनी राजीनामा दिला’ हे वाक्य ठीक. ‘तो माणूस विकृत आहे हो’ हे नाही.

उलट बाजूही पाहा. तक्रार दडपून वर ‘यांची वर्तणूक उत्तम होती, आम्ही त्यांना उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा देतो’ असा दाखला देणाऱ्या संस्था आहेत. ब्याद टळली म्हणून शुभेच्छा. ती ब्याद पुढच्या तालुक्यातल्या शाळेत जाते. त्या शुभेच्छांवर ज्यांची सही असते, त्यांनी त्या शाळेतल्या मुलांचा विचार केलेला नसतो, असं स्पष्टच म्हणायला हवं.

अर्ज आणि कागदपत्रांत काय बघायचं?

तारखा. एका कोऱ्या कागदावर उभी रेघ ओढा आणि दहावीपासून आजपर्यंतचं प्रत्येक वर्ष त्यावर मांडा. मधे मोकळी जागा दिसली की विचारा. घरी आजारपण होतं, स्पर्धा परीक्षेची तयारी केली, बाळंतपण होतं, ही कारणं अगदी नेहमीची आणि खरी असतात. बहुतेक लोक सहज सांगतात. पण शैक्षणिक वर्षाच्या मधेच, नोव्हेंबरात किंवा जानेवारीत सोडलेली नोकरी असेल तर तिथे थांबा. शिक्षक शक्यतो एप्रिल-मेमध्ये शाळा बदलतो.

अनुभव प्रमाणपत्रं शेजारी-शेजारी ठेवून वाचा. दोन वेगळ्या जिल्ह्यांतल्या शाळांच्या प्रमाणपत्रांत ‘कार्यतत्पर’ हा शब्द एकाच पद्धतीने चुकलेला असेल आणि जावक क्रमांकाचा फॉन्टही सारखाच असेल, तर दोन्ही एकाच सायबर कॅफेत जन्माला आलेली आहेत.

पण उमेदवार पवित्र पोर्टलवरून आला आहे. सरकारने तपासलंच असेल ना?

पवित्र पोर्टल हे शिक्षक भरतीचं सरकारी पोर्टल, ते गुणवत्तेची यादी लावतं. मुलांच्या सुरक्षिततेची तपासणी हे त्याचं काम नाही. आणि कागदांचं म्हणाल तर आपल्या राज्याचा इतिहास फारसा आश्वासक नाही. टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या गैरव्यवहारात सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. २०२५ मध्ये नागपूर विभागात शिक्षकांच्या पगारासाठी लागणाऱ्या शालार्थ आयडी बनावट काढल्याचा घोटाळा उघड झाला. टीईटीचं प्रमाणपत्र परीक्षा परिषदेकडून आणि पदवी विद्यापीठाकडून पडताळून घ्या. कागदात खोटं बोलणारा माणूस मुलांना त्रास देईलच असं नाही, पण जो खोट्या कागदावर आला आहे त्याच्याबद्दल तुम्हाला काहीच ठाऊक नाही, ही गोष्ट उरतेच.

मुलाखतीत काय विचारावं?

‘तुम्हाला मुलं आवडतात का?’ हा प्रश्न वाया जातो. प्रसंग द्या. ‘पाचवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत तुमच्यापाशी येऊन म्हणते, सर, एक सांगू का, पण कुणाला सांगायचं नाही. तुम्ही काय कराल?’ चांगला शिक्षक थोडा थबकतो आणि मग म्हणतो, गुप्त ठेवीन असं वचन देणार नाही, ऐकून घेईन, मुख्याध्यापकांना सांगेन. ‘मी माझ्या पातळीवर मिटवीन’ असं उत्तर आलं तर आणखी खोलात जा. दुसरा प्रसंग व्हॉट्सॲपचा द्या: रात्री दहाला विद्यार्थ्याचा मेसेज आला तर? मुलाखत घेणाऱ्यांत किमान एक बाई असाव्यात आणि एक जण तरी असा असावा जो उमेदवाराला ओळखत नाही. संस्थेच्या अध्यक्षांच्या भाच्याची मुलाखत अध्यक्षांनी घेऊ नये, हे लिहावं लागतं हेच खरं तर विशेष.

सफाई आणि सुरक्षेचं काम ठेकेदाराकडे आहे. जबाबदारी त्याचीच ना?

नाही. नियम ‘कंत्राटी’ हा शब्द वापरूनच लिहिलेला आहे आणि तपासणी ‘संस्थेने’ करायची आहे. बदलापूर प्रकरणातला आरोपी कंत्राटी सफाई कर्मचारी होता.

ठेकेदाराशी करार करताना चार गोष्टी लेखी घ्या. प्रत्येक माणसाचं नाव, फोटो आणि पोलीस दाखला आधी शाळेकडे येईल. दाखला पाहिल्याशिवाय फाटकाच्या आत कुणी येणार नाही. शाळेने नको म्हटलेला माणूस त्याच दिवशी बदलला जाईल. आणि बदली माणूस पाठवायचा असेल तर तोही याच यादीतला असेल.

शेवटच्या अटीवरच सगळं घसरतं. रोजचे काका गावी यात्रेला जातात आणि सकाळी सातला त्यांच्या जागी एक अनोळखी तरुण झाडू घेऊन उभा असतो. ‘साहेबांनी पाठवलंय’ एवढंच तो सांगतो. कोण साहेब, ते फाटकावरच्या रखवालदाराला माहीत नसतं, कारण तोही कालच बदली म्हणून आलेला असतो. अशा वेळी झाडलोट एक दिवस राहिली तर चालेल. फाटकावर फोटोंसह यादी लावून ठेवा आणि रखवालदाराला ‘यादीत नाही, आत नाही’ असं म्हणायचा अधिकार द्या. त्याने एखाद्या विश्वस्ताच्या ओळखीच्या माणसाला अडवलं म्हणून त्याला झापायचं नाही.

लहान मुलांच्या शौचालयाची सफाई आणि मुलांना तिथे नेणं यासाठी महिलाच ठेवा, आणि सफाईची वेळ शाळा भरण्याआधीची किंवा सुटल्यानंतरची ठरवा.

सगळ्या महिलाच नेमल्या तर प्रश्न सुटेल का?

लहान वर्गांसाठी शक्यतो महिला कर्मचारी असाव्यात, हे योग्यच. पण म्हणून तपासणीला सुट्टी नाही. मारहाण, कोंडून ठेवणं, घाबरवणं हेही गुन्हेच आहेत. बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ मध्ये संस्थेच्या कर्मचाऱ्याने केलेल्या क्रूरतेला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. आणि मुलगेही लैंगिक अत्याचाराला बळी पडतात. पॉक्सो कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही.

स्कूलबसचं काय?

बसचालकाचा परवाना आणि बॅज आरटीओ बघतं, बाकीचं शाळेने बघायचं. राज्याच्या २०११ च्या स्कूलबस नियमांनुसार मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते. ती बहुतेक ठिकाणी भाडेवाढीसाठीच भरते. चालक-मदतनिसांचे दाखले हा विषय तिच्या कार्यक्रमपत्रिकेवर कायम ठेवा. पालकांनी परस्पर ठरवलेली व्हॅन किंवा रिक्षा शाळेची नसली, तरी त्या काकांचं नाव आणि नंबर शाळेकडे असावाच.

लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय यादी आहे म्हणे. शाळेला ती बघता येते का?

यादी आहे, सप्टेंबर २०१८ पासून. पण ती फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांसाठी खुली आहे, आणि तिच्यात दोषी ठरलेल्यांचीच नावं असतात. शाळेला किंवा पालकांना ती पाहता येत नाही. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने खटले शोधता येतात. तिथे नामसाधर्म्याचा धोका मोठा आहे. ‘संतोष पाटील’ शोधलंत तर अख्खा जिल्हा समोर येईल. काही सापडलं तर उमेदवाराला विचारा, परस्पर निष्कर्ष काढू नका.

उमेदवारावर गुन्हा नोंदलेला निघाला. लगेच नाकारायचं?

कसला गुन्हा, ते आधी बघा. मुलांविरुद्धचा किंवा लैंगिक गुन्हा असेल आणि खटला चालू असेल, तर शाळेत नेमणूक नको, इथे चर्चा नाही. पण आंदोलनात रस्ता अडवला, भावकीत बांधावरून हाणामारी झाली, अशा नोंदी खेड्यापाड्यांत चांगल्या माणसांच्या नावावरही असतात.

म्हणून अर्जासोबत स्वयंघोषणापत्र घ्या: गुन्हा, खटला, निलंबन, चौकशी, जे असेल ते लिहा. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात हेच सूत्र सांगितलं आहे. उमेदवाराने खरी माहिती द्यायलाच हवी. ती लपवली तर मालक कारवाई करू शकतो, मात्र किरकोळ प्रकरणाकडे तारतम्याने पाहायचं. लपवलं की सांगितलं, यावरून माणूस बराच कळतो.

एक अपवाद लक्षात असू द्या. अठरा वर्षांखाली असताना घडलेल्या गोष्टीमुळे सामान्यतः अपात्रता येत नाही, असं बाल न्याय कायद्याचं कलम २४ सांगतं.

मानसशास्त्रीय चाचणी घ्यावी का?

सप्टेंबर २०१७ मध्ये गुरुग्रामच्या एका शाळेत लहान मुलाचा खून झाल्यावर सीबीएसईने आपल्या शाळांना पोलीस पडताळणीबरोबर अशी चाचणीही घ्यायला सांगितली. त्या प्रकरणात आधी बसच्या वाहकाला अटक झाली होती. पुढे सीबीआयने शाळेतल्याच एका मोठ्या विद्यार्थ्याला ताब्यात घेतलं. सीबीएसईची शाळा असेल तर चाचणी घ्या. पण बाजारात मिळणारी वीस मिनिटांची ऑनलाइन प्रश्नावली माणूस ओळखेल, अशी आशा ठेवू नका. तेच पैसे मागच्या शाळेला जाऊन येण्यावर खर्च केलेले बरे.

इंग्लंडमध्ये हे फार कडक आहे म्हणतात. तिथे काय करतात?

कडक झालं ते एका भयानक घटनेनंतर. ऑगस्ट २००२ मध्ये सोहम या गावात दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. खुनी तिथल्या माध्यमिक शाळेचा केअरटेकर होता. दुसऱ्या भागात त्याच्यावर आधी अनेक आरोप झाले होते, पण ती माहिती पुढे पोचली नाही. तो दोन आडनावं वापरत होता आणि पडताळणी त्यातल्या एकाच आडनावावर झाली. २००४ च्या बिचर्ड चौकशी अहवालात शाळेच्या भरतीवरही बोट ठेवलं गेलं: ‘जो कोणी संबंधित असेल त्यास’ अशा मोघम शिफारसपत्रांवर शाळेने भागवलं होतं. तशी पत्रं आपल्याकडेही रोज येतात.

आज तिथे डीबीएस ही यंत्रणा आहे. मुलांबरोबर काम करायला मनाई असलेल्यांची यादी ती ठेवते आणि शाळेला त्या यादीशी ताडून घेता येतं. आपल्याकडे शाळेला विचारता येईल अशी यादी नाही. म्हणून मागच्या शाळेला केलेल्या फोनचं मोल आपल्याकडे आणखी जास्त. इथून तिकडे शिकवायला जाणाऱ्या मराठी शिक्षकांना भारतातला पोलीस दाखला लागतो, तो पासपोर्ट सेवेतून काढायचा. तिकडून परत येऊन इथे शाळेत लागणाऱ्यांकडून त्या देशाचा दाखला मागायला लाजू नका.

वीस-पंचवीस वर्षं नोकरी झालेल्यांची आता काय पडताळणी करायची? त्यांचा अपमान होईल.

सगळ्यांची एकदम करा, म्हणजे अपमान कुणाचाच होत नाही. पहिला अर्ज मुख्याध्यापकांचा, दुसरा सचिवांचा. ते दोन दाखले शिक्षक कक्षात दाखवले की पुढची कुरकुर बरीच कमी होते.

नेमणुकीनंतर तक्रार आली तर?

पोलिसांना कळवायचं. आधी अंतर्गत चौकशी, मग संस्थेची बैठक, मग वकिलांचा सल्ला आणि मग पोलीस, हा क्रम बेकायदा आहे. पॉक्सोच्या कलम १९ नुसार माहिती मिळताच कळवणं हे कर्तव्य आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला कलम २१ मध्ये एक वर्षापर्यंत कैद आणि दंड आहे. बदलापूरला संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवरही याच कारणाने गुन्हा नोंदला गेला. शिक्षणाधिकाऱ्यांना २४ तासांत कळवा. मुलाला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारू नका, आरोपीसमोर तर अजिबात उभं करू नका. मदतीसाठी मुलांची हेल्पलाइन १०९८ आणि आपत्कालीन क्रमांक ११२ आहेत.

खासगी शाळेतल्या कायम कर्मचाऱ्याचं निलंबन आणि चौकशी १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे व्हायला हवी, नाहीतर न्यायाधिकरणात तो माणूस तांत्रिक मुद्द्यावर परत येतो. परिवीक्षा काळात काही खटकलं तर तिथेच निर्णय घ्या. ‘अजून एक वर्ष बघू’ म्हणत कायम करून टाकलेल्या माणसाला नंतर काढणं फार अवघड.

पालक म्हणून आम्ही काय विचारू शकतो?

कुणाचा वैयक्तिक दाखला मागू नका, तो तुम्हाला दाखवणं शाळेलाही योग्य नाही. पण पालक सभेत किंवा शालेय व्यवस्थापन समितीत हे जरूर विचारा: शाळेत एकूण किती मोठी माणसं काम करतात, त्यांतल्या किती जणांची पडताळणी झाली आहे, शेवटची केव्हा झाली, आणि ठेकेदाराची माणसं त्या आकड्यात धरली आहेत का? ज्या शाळेने काम केलं आहे तिथे याचं उत्तर रजिस्टर उघडून दोन मिनिटांत मिळतं. ‘सगळं झालेलं आहे, काळजी करू नका’ असं उत्तर आलं तर आकडा लेखी मागा आणि पुढच्या सभेच्या इतिवृत्तात तो नोंदवून घ्या.